मर्यादा, विनाश आणि उरलेला तारा : श्वेतबटूच्या स्फोटाच्या रूढ मराठी कथनाची समीक्षा

प्रस्तावना
मराठी लोकविज्ञानपर लेखनात श्वेतबटूच्या स्फोटाचे एक सुटसुटीत कथन रूढ आहे. इंधन संपलेला तारा आकसून श्वेतबटू होतो. जोडीदार ताऱ्याकडून तो द्रव्य ओढून घेतो. चंद्रशेखर यांनी दाखवून दिलेली, सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची मर्यादा ओलांडताच त्याचा स्फोट होतो व तो समूळ नष्ट होतो. असे सर्व स्फोट सारख्याच तेजाचे असल्यामुळे त्यांवरून दीर्घिकांची अंतरे मोजता येतात, असेही सांगितले जाते. या कथनाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथनाचे बल व उणीव
कथनाचा गाभा खोटा नाही. सामान्य तारा तापला की प्रसरण पावतो आणि निवतो. श्वेतबटूतील दाब मात्र तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो. त्यामुळे कार्बन पेटला की ज्वलन अनावर होते. हा विचार फ्रेड हॉइल व विल्यम फाउलर यांनी १९६० मध्ये मांडला.

उणीव आहे ती 'मर्यादा' या शब्दाच्या वापरात. मराठी मनाला मर्यादाभंगामागोमाग शिक्षा अपेक्षित असते. चंद्रशेखर मर्यादा ही मात्र इलेक्ट्रॉनांच्या दाबाने तोलता येणाऱ्या वस्तुमानाची सीमा होय. द्रव्य ओढणाऱ्या श्वेतबटूतही ज्वलन या सीमेच्या किंचित अलीकडेच सुरू होते. पृष्ठभागावरील हेलियमच्या थराचा स्फोट त्याहून हलक्या श्वेतबटूलाही पेटवू शकतो, तर कधी दोन श्वेतबटू एकमेकांत विलीन होऊन स्फोट घडू शकतो. तेजही सारखे नसते. अधिक तेजस्वी अतिनवतारा अधिक सावकाश मंदावतो, हा मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखविलेला संबंध वापरूनच अंतर काढले जाते.

अपवादांची साक्ष
२००२ मध्ये आढळलेला 'एसएन २००२सीएक्स' या संबंधात बसला नाही. तो अपेक्षेपेक्षा मंद होता व त्यातून फेकलेल्या द्रव्याचा वेगही कमी होता. पुढे अशा ताऱ्यांच्या गटाला 'आयएएक्स' हे नाव २०१३ मध्ये मिळाले. त्यांपैकी 'एसएन २००५एचके'च्या अभ्यासात लडाखमधील हानले येथील हिमालयीन चंद्र दुर्बिणीचा वाटा होता. या गटात ज्वाला ध्वनीपेक्षा कमी वेगाने पसरते आणि तारा पूर्णपणे विखुरत नाही, असे स्पष्टीकरण आज प्रबळ मानले जाते. 'एसएन २०१२झेड'च्या जागी अनेक वर्षांनी घेतलेल्या हबल दुर्बिणीच्या प्रतिमांत मूळ तारा नाहीसा झालेला नव्हता. उलट तो पूर्वीपेक्षा अधिक तेजस्वी दिसला. चीन व जपानमध्ये ११८१ साली नोंदविलेल्या 'पाहुण्या ताऱ्या'चा संबंध ज्या पीए ३० या तेजोमेघाशी २०२१ मध्ये जोडला गेला, त्याच्या मध्यभागीही एक अतितप्त तारा शिल्लक आहे. 'स्फोट म्हणजे अंत' हे समीकरण येथे कोसळते.

नारळीकरांचा दाखला
याच अतिनवताऱ्यांवरून १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचा निष्कर्ष काढला गेला. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह २००० व २००२ मधील शोधनिबंधांत, दूरचे अतिनवतारे मंद दिसण्याचे कारण आंतरदीर्घिकीय धूलिकण असू शकतील, असा पर्याय मांडला. तो बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य झाला नाही. शिवाय त्यांची शंका प्रकाशाच्या वाटेविषयी होती, स्फोटाच्या प्रकाराविषयी नव्हे. तथापि मोजपट्टी वापरण्यापूर्वी ती तपासावी, हा त्यांचा आग्रह मराठी विज्ञानलेखनाने उचलण्याजोगा आहे. 'आयएएक्स' ताऱ्यांमुळे ती मोजपट्टी बाद होत नाही. कोणते स्फोट मोजमापातून वगळावेत, हे त्यांच्यामुळे अधिक नेमकेपणाने कळते.

निष्कर्ष
सुलभीकरण ही लोकविज्ञानाची गरज आहे. परंतु सुलभ कथन अंतिम सत्य म्हणून रुजले, तर वाचकाला नवे निरीक्षण विज्ञानाचा पराभव वाटू लागते. रामदासपेठेतील महाविद्यालयीन वर्ग असो वा नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण, श्वेतबटूची कथा सांगताना उरलेल्या ताऱ्याचाही उल्लेख व्हावा. 'मर्यादा ओलांडली, तारा संपला' या वाक्याऐवजी 'श्वेतबटू अनेक मार्गांनी पेटतो. कधी संपतो, कधी उरतो' हे वाक्य कमी नाट्यमय असले, तरी वस्तुस्थितीशी अधिक प्रामाणिक आहे.