‘सुधारणा’ या शब्दाची उलटतपासणी

व्यक्तीला झालेल्या इजेबद्दल नुकसानभरपाई मागण्याच्या हक्कास मर्यादा घालणारे अमेरिकेतील कायदे ‘टॉर्ट रिफॉर्म’, म्हणजे अपकृत्य-विधीची सुधारणा, या नावाने ओळखले जातात. या नावातच वादाचा निम्मा निकाल लागून जातो. कारण सुधारणेस विरोध करणारा आपोआपच गैरव्यवहाराचा कैवारी ठरतो. सुझन सॅलॅडॉफ यांच्या ‘हॉट कॉफी’ (२०११) या अनुबोधपटाचे महत्त्व हे की, तो या नावाचीच उलटतपासणी करतो.

१९९२ साली आल्बुकर्क येथे मॅकडोनल्ड्सची कॉफी सांडून ७९ वर्षांची एक स्त्री गंभीररीत्या भाजली. ‘कॉफी सांडली आणि लक्षाधीश झाली’ एवढीच कथा लोकांच्या तोंडी उरली. भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आधीच आल्या होत्या. ज्यूरीने २० टक्के दोष त्या स्त्रीवरच ठेवला होता. २७ लक्ष डॉलरांची दंडात्मक भरपाई न्यायाधीशांनी ४ लक्ष ८० हजारांवर आणली होती. हे सर्व कथेतून गळाले. अवाजवी रकमेस आवर घालण्याचा अधिकार न्यायालयापाशी होताच, हे मात्र या गळालेल्या तपशिलांतूनच सिद्ध होते.

नेब्रास्काचे प्रकरण याहून बोलके आहे. वैद्यकीय हयगयीमुळे मेंदूस इजा झालेल्या बालकाला ज्यूरीने दिलेली ५६ लक्ष डॉलरांची भरपाई कायद्याने साडेबारा लक्षांवर आणली. शुश्रूषेचा खर्च त्यामुळे घटला नाही. तो कुटुंबावर व सार्वजनिक तिजोरीवर पडला. कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या कायद्यात मर्यादा होती ती केवळ वेदनादी ‘बिगर-आर्थिक’ हानीस. हा भेद वरकरणी न्याय्य वाटतो. परंतु बालके, वृद्ध, गृहिणी अशा मिळकत नसलेल्यांची हानी मुख्यतः याच सदरात मोडते. अडीच लक्षांची ती मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत महागाईच्या मानाने वाढली नाही.

सॅलॅडॉफ स्वतः फिर्यादी पक्षाकडून लढणाऱ्या वकील होत्या. विम्याचे हप्ते भडकल्याने वैद्यकांपुढे उभ्या राहिलेल्या अडचणीला पटात पुरेसा न्याय मिळत नाही, हा त्याचा दोष होय. एका कथेला दुसरी कथा हे उत्तर परिणामकारक असले, तरी पुरेसे नव्हे. तथापि, कोणत्याही सुधारणेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न शब्दाआडून बाहेर काढण्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल.