‘विंकी डिंक अँड यू’ : सहभाग की आभास?
अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवरून १९५३ ते १९५७ या काळात प्रक्षेपित झालेला ‘विंकी डिंक अँड यू’ हा दूरचित्रवाणी व खेळणे यांच्या संयोगाचा एक आद्य प्रयोग होय. ५० सेंटांस मिळणारा पारदर्शक पडदा संचाच्या काचेवर बसवून बालकाने त्यावर मेणखडूने पूल रेखाटावयाचा व विंकीने त्यावरून पलीकडे जावयाचे, अशी ही योजना. परंतु पूल नसला तरी विंकी पलीकडे जाई. बालकाची रेषा त्यास दिसत नव्हती. तेव्हा हा सहभाग नसून केवळ आज्ञापालन होय, असा आक्षेप संभवतो. तो अर्धसत्य आहे. अधांतरी चालणारे ते चित्र अपुरे होते आणि ते पूर्ण करणारी रेषा बालकाचीच होती. पडदा नसलेल्या मुलांनी थेट काचेवरच रेघा ओढल्या, त्या याच ओढीने. यंत्र अंध असले तरी खेळ खोटा नव्हता, असाच निर्णय द्यावा लागतो.