थेंब मोजले, नळ मोजायचे राहिले

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, महापे भागातली डेटा सेंटर्स तुम्ही पाहिली असतील. आतल्या सर्व्हरमध्ये एक सोय असते: पैसे मोजून घेतलेली थोडी रॅम मुद्दाम रिकामी ठेवायची. एखादा भाग बिघडायला लागला की त्यातला डेटा या राखीव भागात हलवतात आणि मशीन चालूच राहतं. हा खर्च कशासाठी, असं विचारलं की आमच्या विषयात हमखास एका पेपरचं नाव येतं: श्रोडर, पिनेरो आणि वेबर यांचा २००९ सालचा, गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीवरचा.

पेपर मोठाच आहे. अडीच वर्षांची प्रत्यक्ष वापरातली माहिती. वर्षभरात रॅमच्या सुमारे ८ टक्के पट्ट्यांमध्ये चुका दिसल्या. त्याआधी दोष बहुतेकदा अवकाशातून येणाऱ्या किरणांवर ढकलला जायचा. इथे दिसलं की मुख्य कारण हार्डवेअरमधला कायमचा बिघाड असावं. एकदा चुकलेली पट्टी त्याच महिन्यात पुन्हा चुकण्याची शक्यता १३ ते २२८ पट जास्त!

मग माझी तक्रार काय? पेपर चुका मोजतो, बिघाड नाही. घरात एक नळ गळतोय आणि तुम्ही थेंब मोजताय असं समजा. हजार थेंब म्हणजे हजार नळ नव्हेत. मेमरीतला एकच बिट अडकला, तरी तो वाचला जाईल तेवढ्या वेळा नोंद होऊ शकते.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. चुकांचा आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सर्व्हर राखीव भाग वापरायला काढतो. म्हणजे एका बिटापायी अख्खा राखीव भाग खर्ची पडू शकतो, आणि उद्या खरंच एखादी चिप गेली तर हात रिकामे. त्या एका बिटासाठी ऑपरेटिंग सिस्टीमने ४ किलोबाइटचं एक पान वापरातून काढलं असतं तरी भागलं असतं. उलट पूर्ण चिप बिघडली तर पानं काढून काय होणार? तिथे राखीव भागच हवा.

श्रोडर यांनीच २०१२ मध्ये ह्वांग आणि स्टेफानोविची यांच्यासोबत हे बरंचसं भरून काढलं. चुका त्याच त्याच पत्त्यांवर परत येतात आणि पानं बाद करणं उपयोगी पडू शकतं, हे त्यांनी दाखवलं. तरीही हवाला दिला जातो तो ८ टक्क्यांचाच, कारण आकडा लक्षात राहतो.

मेमरीची पूर्ण दुसरी प्रत ठेवली तर ५१२ जीबीतले २५६ च वापराला उरतात. एवढी किंमत मोजणाऱ्याने आधी एवढंच विचारावं: थेंब किती पडले ते राहू दे, नळ किती गळतायत?