पद्याचा अर्थ आणि राष्ट्राची निष्ठा

राष्ट्रगीताच्या अर्थाविषयीं आपल्याकडे जे वाद पुनःपुन्हा उद्भवतात, त्यांत प्रमाणांपेक्षां आवेशाचाच भरणा अधिक असतो. इ. स. २०२५ मध्यें ‘वंदे मातरम्’ या गीतास दीडशें वर्षें झाल्याबद्दल देशभर समारंभ झाले व संसदेंतही चर्चा झाली; त्या वेळींही हाच अनुभव आला. एक पक्ष ‘जनगणमन’ हें सम्राटाचें स्तोत्र ठरवितो; दुसरा ‘वंदे मातरम्’चा अर्थ केवळ ‘आनंदमठ’ या कादंबरीवरून लावतो. दोन्ही पक्षांची वाचनपद्धति मात्र एकच आहे. गीतांत दिसतें तें निमित्त, खरा अर्थ त्याच्या आड दडलेला, असें दोघेही गृहीत धरतात. ही पद्धति महाराष्ट्रास नवीन नाहीं. तिचा अत्यंत कठोर प्रयोग नाशिकच्या एका खटल्यांत झालेला आहे. त्या खटल्यापासून मिळणाऱ्या कसोटीवर हे दोन्ही वाद घांसून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. १९०६ च्या दसऱ्यास नाशकांत ‘वंदे मातरम्’च्या घोषावरून पोलिसांशीं खटका उडाला आणि गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर प्रभृति तरुणांवर खटला झाला. शब्द दोनच, आणि त्यांचा वाच्यार्थ मातेस नमन एवढाच. परंतु घोष करणारे व त्यांस पकडणारे या दोघांनाही त्यांतून अधिक कांहीं ऐकूं येत होतें. पुढें बाबारावांनीं ‘लघु अभिनव भारतमाला’ या नांवानें कांहीं कवनें प्रसिद्ध केलीं. तीं नाशिकचे कवि गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४-१९२६), यांचीं होतीं. हे कवि दोन्ही पायांनीं अधू होते. परंतु त्यांच्या पद्यांनीं नाशिकच्या तरुण मंडळींत जो संचार केला, तो धडधाकट वक्त्यांसही साधला नाहीं. या प्रकाशनाबद्दल बाबारावांवर सम्राटाविरुद्ध युद्ध चेतविल्याचा आरोप येऊन जून १९०९ मध्यें त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नोव्हेंबर १९०९ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति चंदावरकर व हीटन यांनीं ती कायम केली.

हायकोर्टाच्या निवाड्याचा मथितार्थ असा कीं, या पद्यांतील देव आणि शिवाजीसारखे वीर हे केवळ निमित्तमात्र आहेत. राज्य परकी व जुलमी असल्यामुळें शस्त्र उचलून तें उलथून टाकावें, हा त्यांचा खरा उपदेश होय. इ. स. १९१८ च्या रौलेट समितीनें आपल्या अहवालांत हाच अभिप्राय प्रमाण म्हणून उद्धृत केला. शिक्षेमुळें उसळलेल्या क्षोभाचें पर्यवसान काय झालें, तें सुविदित आहे. दि. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या वेळीं अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला, आणि एप्रिल १९१० मध्यें कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. पद्याचा अर्थ लावण्याच्या प्रश्नांत किती माणसांचे प्राण गुंतूं शकतात, हें यावरून दिसेल.

आतां येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कवि गोविंदांच्या चाहत्यांनीं पुढें या निवाड्यांतील अर्थ कधींही नाकारला नाहीं. उलट त्यांनीं तो भूषण म्हणून मिरविला, आणि ‘स्वातंत्र्यकवि’ ही पदवी त्यांस त्याच अर्थाच्या बळावर मिळाली. म्हणजे न्यायाधीशानें जो अर्थ दोष म्हणून लावला, तोच देशभक्तांनीं गुण म्हणून स्वीकारला. अर्थाविषयीं उभयतांचा मतभेद नव्हता. मतभेद होता तो त्या अर्थास शिक्षा असावी कीं सन्मान, याविषयीं. यास्तव आमचें मत असें कीं, निवाड्यांतील अर्थ बहुतांशीं बरोबर होता आणि शिक्षा मात्र अन्यायाची होती. अर्थ बरोबर लागला म्हणजे न्याय झाला, असें होत नाहीं.

परंतु तो अर्थ बरोबर कां ठरतो? केवळ शब्दांवरून नव्हे. देवाचें नांव घेणारें प्रत्येक पद जर राजद्रोही मानावयाचें, तर नाशिकच्या गोदाकांठावरील एकही कीर्तनकार सुटला नसता. येथें शब्दांखेरीज दुसरीं समकालीन प्रमाणें होतीं : पद्यें कोणत्या मंडळींत म्हटलीं जात, त्या मंडळींचा उद्देश काय होता, हें सर्व त्याच काळचें व त्याच ठिकाणचें होतें. शब्दांआड दुसरा अर्थ आहे असें म्हणणारानें तो समकालीन प्रमाणानें सिद्ध करावा, ही ती कसोटी होय.

हीच कसोटी ‘जनगणमन’ला लावून पाहूं. हें गीत प्रथम दि. २७ डिसेंबर १९११ रोजीं कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें म्हटलें गेलें. त्याच महिन्यांत दिल्ली दरबारांत वंगभंग रद्द झाल्याचें जाहीर झालें होतें, आणि काँग्रेसनें सम्राटाच्या स्वागताचा ठरावही केला. आक्षेपकांचा आधार एवढाच, आणि तो अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सम्राटाच्या गौरवाचें गीत त्या सभेंत निराळेंच होतें. तें हिंदींत होतें आणि रामभुज चौधरी यांचें होतें. इंग्रजी पत्रांच्या बातमीदारांनीं दोहोंचा घोटाळा केला. जानेवारी १९१२ मध्यें ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त रवींद्रनाथांचें गीत ‘ब्रह्मसंगीत’ म्हणून छापलें गेलें. शिवाय पुढील कडव्यांत त्याच भाग्यविधात्यास कवीनें युगायुगांचा सारथी व स्नेहमयी माता म्हटलें आहे. हीं विशेषणें पंचम जॉर्जास कशीं लागूं पडावीं? रवींद्रनाथांनीं १९३७ सालीं एका पत्रांत हा आरोप स्पष्टपणें झिडकारला. मात्र तें पत्र पंचवीस वर्षांनंतरचें असल्यामुळें आम्ही त्यास दुय्यम स्थान देतों. खरें बळ १९१२ च्या छापील पानास आहे.

‘वंदे मातरम्’च्या बाबतींत चूक दुसऱ्या दिशेनें होते. हें गीत आधीं रचलें गेलें व ‘आनंदमठां’त मागाहून गोंवलें गेलें, कादंबरी पुस्तकरूपानें १८८२ सालीं प्रसिद्ध झाली. कादंबरीचा प्रसंगच गीताचा अर्थ ठरवितो असें मानल्यास मोठी पंचाईत होते. त्या कादंबरीच्या अखेरीस चिकित्सक सत्यानंदास सांगतो कीं, इंग्रजांचें राज्य येणार व तें हितकरच होईल. हा जर गीताचा अर्थ असेल, तर दसऱ्याच्या दिवशीं नाशिकच्या तरुणांस तो समजला नाहीं आणि त्यांस पकडणाऱ्या पोलिसांसही समजला नाहीं! सत्य असें कीं, १९०५ नंतर लोकांनीं त्या गीतास कादंबरींतून बाहेर काढून नवा अर्थ दिला आणि त्याची किंमतही मोजली. तथापि मुसलमान समाजाचा आक्षेप एवढ्यानें निकालांत निघत नाहीं. उत्तरार्धांत मातेस दुर्गेच्या रूपानें आळविलें आहे हें शब्दांतच उघड आहे. तेथें आड दडलेला अर्थ शोधण्याची गरजच नाहीं. म्हणून ऑक्टोबर १९३७ मध्यें काँग्रेसच्या कार्यकारिणीनें पहिलीं दोन कडवींच सभांतून म्हणावीं असें सुचविलें, तें आम्हांस भित्रेपणाचें वाटत नाहीं.

या वादाची एक कडी नाशिकशीं जुळलेली आहे. नाशकांत रामनाम-आधाराश्रम स्थापणारे गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं डिसेंबर १९२३ मध्यें कोकोनाडा येथील काँग्रेसमध्यें ‘वंदे मातरम्’ आरंभिलें, तेव्हां अध्यक्ष मौलाना महंमद अल्ली यांनीं धर्माच्या कारणास्तव हरकत घेतली; पलुसकरांनीं गीत पुरें केलें. एकाच व्यासपीठावरील दोन देशभक्तांस तेंच गीत निरनिराळें ऐकूं आलें. या प्रसंगावरून एकास शूर व दुसऱ्यास द्रोही ठरविणें, हें इतिहासाचें काम नाहीं.

पुढें घटना समितीपुढें हा प्रश्न आला, तेव्हां ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर बसत नाहीं असा मुद्दा निघाला. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं समूहगायनास व बँडास अनुकूल चाली बांधून त्या दिल्लींत सभासदांस ऐकविल्या. दि. २४ जानेवारी १९५० रोजीं राजेंद्रप्रसादांनीं ‘जनगणमन’ हें राष्ट्रगीत व ‘वंदे मातरम्’ यास समान मान, असें निवेदन केलें. मतमोजणी झाली नाहीं. कोणत्या गीताचा उगम अधिक शुद्ध, याचा निवाडाही समितीनें केला नाहीं, आणि तें शहाणपणाचेंच झालें. उगम शोधणें हें संशोधकाचें काम. मान देणें हें राष्ट्राचें.

सारांश, रचनेचा अर्थ, प्रसंगाचा अर्थ आणि रूढीचा अर्थ या तीन वस्तु भिन्न आहेत. एकीच्या प्रमाणानें दुसरी सिद्ध करूं जाणें हेंच या वादांचें मूळ होय. आणि तिन्ही अर्थ निर्विवाद ठरले तरी त्यांवरून माणसाची निष्ठा मोजतां येत नाहीं, हें नाशिकच्या खटल्याच्या शेजारीं दुसरा निवाडा ठेवला म्हणजे दिसतें. केरळांतील तीन मुलें धर्मश्रद्धेमुळें राष्ट्रगीत म्हणत नसत, पण तें चालू असतां आदरानें उभीं राहात. त्यांस शाळेंतून काढण्यांत आलें. ११ ऑगस्ट १९८६ रोजीं सुप्रीम कोर्टानें तें बेकायदा ठरविलें. परकी राज्याच्या न्यायासनानें शब्दांआडचा हेतु वाचून एकास अंदमानांत धाडलें. स्वराज्याच्या न्यायासनानें मौनाआड द्रोह वाचण्याचें नाकारलें. बाबाराव सावरकरांस झालेली शिक्षा ज्यांस अन्यायाची वाटते, त्यांस या दुसऱ्या निवाड्याचाही अभिमान वाटला पाहिजे.