सुडोकूच्या स्पर्धा संशोधनाची तयारी करून देतात का?

गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, तर्कशक्ती वाढावी म्हणून मी सुडोकूच्या ऑनलाइन स्पर्धा देतेय. पुढे संशोधनात उपयोग होईल ना?" मी घाईत होते. "होईल की," म्हणून मोकळी झाले. ते उत्तर आज मला परत घ्यायचंय. पूर्ण नाही, पण बरंचसं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पेपरात चहाबरोबर सोडवतात त्या सुडोकूबद्दल मी बोलत नाहीये. या स्पर्धांमध्ये साधा सुडोकू तोंडी लावण्यापुरता असतो, खरा मामला त्याच्या अवघड भावंडांचा. किलर सुडोकूत तुटक रेषांचे पिंजरे असतात आणि प्रत्येक पिंजऱ्यातल्या अंकांची बेरीज तेवढी दिलेली असते. थर्मामीटरच्या प्रकारात फुग्यापासून टोकाकडे अंक वाढत जायला हवेत. घोड्याच्या चालीचा प्रकार असेल तर बुद्धिबळातला घोडा एका उडीत जिथे पोचेल तिथे तोच अंक चालत नाही. आपल्याकडे लॉजिक मास्टर्स इंडिया ही संस्था अशा स्पर्धा घेते आणि जागतिक स्पर्धेसाठी भारताचा संघही तीच निवडते. त्यांच्या एका मालिकेचं नाव 'सुडोकू महाभारत' आहे, आणि नाव अगदी शोभतं. जागतिक पझल फेडरेशनची ग्रां प्रीसुद्धा घरबसल्या देता येते. २००८ ची तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा तर आपल्या शेजारी गोव्यात झाली होती, आणि २०१७ ची बंगळुरूला. म्हणजे हे कुठलं तरी लांबचं, परक्यांचं वेड नाही.

पद्धत अशी. काही दिवस आधी नियमांची पुस्तिका मिळते. कोड्यांची पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि पासवर्ड घेतला की घड्याळ सुरू. कोडं सुटलं की खुणेच्या एक-दोन ओळींतले अंक भरायचे. बरोबर असेल तर गुण, चूक असेल तर त्या कोड्याची किंमत उतरते. कागदावर तुम्ही काय केलंत ते कुणी बघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी एक स्पर्धा मी धरणगावात दिली. कोणती ते सोडा, चूक माझीच होती. जळगावहून सुट्टीला घरी आले होते, घरी प्रिंटर नाही, म्हणून चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. बाजूला आधार कार्डाच्या आणि सातबाऱ्याच्या प्रती निघत होत्या. भावाने विचारलं, "ताई, काय करून राहिली? बक्षीस किती शे?" मी म्हटलं, काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद मशीनवर ठेवला.

शेवटचं कोडं सगळ्यात जास्त गुणांचं होतं, किलर. अर्धं झाल्यावर मला ओळखीची आकृती दिसली. पहिल्या आणि दुसऱ्या आडव्या ओळीतली, पहिल्या आणि चौथ्या उभ्या ओळीतली चार घरं. तीन घरांत ३ किंवा ७ एवढंच बसत होतं. चौथ्यात ३, ७ किंवा ९. मी क्षणभरही न थांबता ९ लिहिला. इथे असं का लिहावंसं वाटतं ते नीट समजून घ्या, कारण या लेखाचा सगळा जीव या चार घरांत आहे.

समजा चौथ्या घरातही ३ किंवा ७ च आला. मग चार कोपऱ्यांवर ३ आणि ७ आळीपाळीने बसतील. आता सगळे ३ आणि ७ एकमेकांच्या जागी ठेवा. आडव्या ओळीत तेच दोन अंक राहिले, उभ्या ओळीतही तेच, आणि ही चार घरं दोनच चौकोनांत येत असल्यामुळे चौकोनांतही काही बिघडलं नाही. म्हणजे कोड्याला दोन उत्तरं झाली. पण स्पर्धेत तर वचन दिलेलं असतं की उत्तर एकच आहे. म्हणून चौथ्या घरात ३ किंवा ७ येऊच शकत नाही. आलाच तर ९. युक्ती सुंदर आहे, आणि साध्या सुडोकूत शंभर टक्के बरोबर.

माझ्या कोड्यात ती चूक होती. या चारपैकी एकच घर एका पिंजऱ्यात होतं, त्याच्या खालचं घर दुसऱ्याच पिंजऱ्यात. अदलाबदल केली की पहिल्या पिंजऱ्यात ३ च्या जागी ७ येतो, बेरीज ४ ने वाढते आणि दिलेल्या बेरजेशी जुळत नाही. म्हणजे दुसरं उत्तर उभंच राहत नाही. ते उभं राहत नाही तर माझा सगळा युक्तिवाद कोसळला. तिथे ३ होता. मी ९ लिहिला, पुढचं सगळं वाकडं झालं आणि अकरा मिनिटं त्यात गेली. शून्य.

आता गंमत पुढे आहे. त्याच दिवशी घोड्याच्या चालीच्या कोड्यात मी अडकले होते. दोन शक्यता उरल्या होत्या. एक उचलली, पुढे खोडून-लिहून बघितलं, जमलं. दुसरी का नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पूर्ण गुण मिळाले.

या स्पर्धांवर माझा आक्षेप इथे आहे, आणि तो वेगावर नाही. वेग मोजणं हा खेळाचा धर्मच आहे. धावण्याच्या शर्यतीत कुणी धावपटूची शैली तपासत नाही. आक्षेप गुणपत्रिका नंतर काय शिकवते यावर आहे. किलरमध्ये माझ्याकडे कारण होतं, चुकीचं असलं तरी तपासता येईल असं. घोड्याच्या कोड्यात कारणच नव्हतं. गुणपत्रिकेने पहिल्याला शून्य दिलं आणि दुसऱ्याला शाबासकी. दर महिन्याला अशी शाबासकी घेत गेलात की हाताला एक सवय लागते, 'बरोबर आलं ना, मग झालं'ची. कारण या स्पर्धेत दोन गोष्टी तुम्हाला फुकट मिळतात: उत्तर आहे ही खात्री, आणि ते एकच आहे ही खात्री. संशोधनात पहिली खात्री नसते. दुसरी तर बहुतेक वेळा तुम्हालाच सिद्ध करून द्यायची असते.

माझा विषय आलेख सिद्धांत, त्यातही रंग भरण्याचे प्रश्न. (सुडोकू हासुद्धा त्यातलाच एक प्रश्न आहे. ८१ घरं म्हणजे ८१ बिंदू, प्रत्येक बिंदू आपल्या ओळींतल्या आणि चौकोनातल्या इतर २० बिंदूंना जोडलेला, आणि रंग नऊ. ॲग्नेस हर्झबर्ग आणि एम. राम मूर्ती यांनी २००७ मध्ये यावर वाचण्यासारखा लेख लिहिला आहे.) दुसऱ्या वर्षाच्या अहवालात मी एका ठिकाणी ब्रूक्सचं प्रमेय वापरलं. ते सांगतं की जोडलेल्या आलेखात एका बिंदूला जास्तीत जास्त जितक्या कडा असतील तितके रंग पुरतात. पण दोन अपवाद आहेत: पूर्ण आलेख आणि विषम चक्र. माझ्या आलेखातून काही कडा काढल्यावर एका प्रसंगी जे उरत होतं ते नेमकं विषम चक्र होतं. प्रमेयाच्या भरवशावर मी दोन रंग लिहिले होते, लागतात तीन. सरांनी समासात एवढंच लिहिलं, "अट?" संगणकावर मी जितकी उदाहरणं चालवली होती तितक्यांत उत्तर बरोबर आलं होतं, त्यामुळे मला शंकाच आली नव्हती. चार महिन्यांचं काम मागे गेलं. झेरॉक्सच्या दुकानातली चूक आणि ही चूक एकच आहे हे मला फार उशिरा कळलं.

मग या चार घरांचा संशोधनात काय उपयोग झाला ते बघा. सुडोकूत कमीत कमी किती अंक दिले तर उत्तर एकच राहतं, हा जुना प्रश्न. १७ अंकांची हजारो कोडी लोकांनी जमवली होती. १६ चं एकही सापडत नव्हतं. स्पर्धेची सवय असलेला माणूस म्हणेल, मग १७ च. पण 'सापडलं नाही' म्हणजे 'नाही' नव्हे. डब्लिनमध्ये गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ते सिद्ध केलं. भरलेल्या सुडोकूंचे एकमेकांहून खरोखर वेगळे असे ५४७ कोटींहून जास्त प्रकार आहेत; प्रत्येकात १६ अंकांचं कोडं दडलंय का हे तपासायला संगणकाच्या गाभ्याचे सुमारे ७१ लाख तास लागले.

तेवढ्यातही हे जमलं कसं? आपल्या चार घरांमुळे. भरलेल्या सुडोकूत ३ आणि ७ ची अशी अदलाबदल होण्यासारखी चार घरं असतील, तर त्यांतला निदान एक अंक आधी दिलेला असलाच पाहिजे, नाहीतर उत्तरं दोन होतील. असे घरांचे गट प्रत्येक सुडोकूत पुष्कळ असतात. चार घरांचा हा सगळ्यात लहान. मग प्रश्न असा होतो: प्रत्येक गटाला स्पर्श करतील असे १६ अंक निवडता येतात का? आंधळा शोध संपून नेमका शोध सुरू होतो. स्पर्धकाने ज्या आकृतीचा आडवाट म्हणून उपयोग केला, तिच्याच आधारावर या लोकांनी सिद्धता उभी केली. त्यांनी 'उत्तर एकच आहे' हे गृहीत धरलं नाही. एकच राहण्यासाठी काय लागतं, असं विचारलं.

आणि हे १७ सुद्धा साध्या सुडोकूपुरतंच आहे. मे २०२० मध्ये मिचेल ली यांच्या एका कोड्याचा व्हिडिओ जगभर फिरला होता, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात दोनच अंक दिले होते, १ आणि २. घोड्याची चाल, राजाची चाल आणि शेजारच्या घरांत लागोपाठचे अंक नकोत, एवढ्या जादा अटींवर ते पूर्ण सुटतं. किलरमध्ये तर अनेकदा एकही अंक दिलेला नसतो. अटी बदलल्या की प्रमेय जुनं राहत नाही. प्रकारांच्या स्पर्धेतून खरं शिकण्यासारखं असेल तर ते हेच, आणि तेच घड्याळाच्या धाकाने सगळ्यात आधी सुटतं.

म्हणून स्पर्धा वाईट असं मी म्हणत नाही. नियमांची पुस्तिका मला मनापासून आवडते. पिंजऱ्यात अंक पुन्हा आलेला चालेल का, हे एका ओळीत स्वच्छ लिहिलेलं असतं. आमच्या क्षेत्रातल्या कित्येक शोधनिबंधांत व्याख्या इतक्या स्वच्छ नसतात. स्पर्धा देणार असाल तर पुस्तिका आधी दोनदा वाचा, आणि साध्या सुडोकूतली कोणती युक्ती या नव्या नियमात मोडते ते कोऱ्या कागदावर लिहून काढा. मी ते केलं असतं तर ९ लिहिला नसता.

स्पर्धा संपल्यावर मात्र लगेच क्रमांक बघायला जाऊ नका. पूर्ण गुण मिळालेलं एक कोडं घ्या आणि प्रत्येक पायरीशेजारी कारण लिहा. 'इथे ९, कारण पुढे जमतं' असं जिथे लिहावं लागेल तिथे गोल करा. मी माझ्या जुन्या कागदांवर केले. किती झाले ते सांगत नाही.

गोव्यात २००८ ला जिंकलेला थॉमस स्नायडर रसायनशास्त्रात हार्वर्डचा पीएच.डी. आहे. तीन वेळा जगज्जेता झाला, आणि नंतर सोडवण्याइतकाच कोडी रचण्यासाठी ओळखला गेला. मला त्यात नवल वाटत नाही. रचणाऱ्याला एकच उत्तराचं वचन कुणी देत नाही, ते त्याला द्यावं लागतं.

मी सध्या भावासाठी एक किलर रचतेय, त्याच्या दुकानाच्या काउंटरवर चिकटवायला. तपासायला एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. काल रात्रीपर्यंत दोन उत्तरं येत होती. दोन्ही शेजारी ठेवून बघितली तर फरक चारच घरांत, ५ आणि ८ ची अदलाबदल. उभ्या जोडीतली दोन्ही घरं मी एकाच पिंजऱ्यात ठेवली होती, दोन्ही बाजूंना. आता त्यांतल्या एका पिंजऱ्याची भिंत त्या दोघांच्या मधून न्यायची आहे, आणि तसं केलं की डावीकडची माझी आवडती २३ ची बेरीज मोडते.