जाणीव, आकडा आणि निर्णय : धूम्रपानविषयक एका उपपत्तीचे परीक्षण

घातक आहे असे सर्वत्र सांगितले जात असताही मनुष्य धूम्रपान का करतो, या प्रश्नाची सामान्यतः दोन उत्तरे दिली जात. एक, त्याला धोक्याची पुरेशी कल्पना नसते. दुसरे, कल्पना असूनही त्याचा निग्रह दुबळा पडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. किप व्हिस्कुसी यांनी १९९२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयातर्फे प्रसिद्ध झालेल्या आपल्या धूम्रपानविषयक ग्रंथात ही दोन्ही उत्तरे बाजूस सारून तिसरे उत्तर पुढे मांडले. धूम्रपान करणाऱ्यास धोका ठाऊक असतो. किंबहुना तो त्याला वास्तवाहून मोठाच वाटत असतो. आणि तरीही तो सिगारेट पेटवितो, याचा अर्थ एवढाच की तीपासून मिळणारे सुख त्याला त्या धोक्याच्या मोलाचे वाटते. ग्रंथाच्या शीर्षकातच धूम्रपानाला 'जोखमीचा निर्णय' म्हटले आहे, आणि या 'निर्णय' शब्दावरच त्यांच्या सर्व प्रतिपादनाची मदार आहे.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. ग्राहकाने धोका ओळखून पत्करला असेल, तर त्याच्या परिणामांची जबाबदारी मुख्यतः त्याच्याकडे जाते, आणि उत्पादकाचे व शासनाचे दायित्व त्या प्रमाणात कमी होते. अमेरिकेतील तंबाखूविषयक खटल्यांत कंपन्यांच्या वतीने हाच युक्तिवाद वारंवार करण्यात आला आहे. म्हणून व्हिस्कुसींनी 'जाणीव' कशास म्हटले आणि ती कशी मोजली, याची बारकाईने तपासणी होणे अगत्याचे आहे.

त्यांच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार म्हणजे १९८५ साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक व्यक्तींना दूरध्वनीवरून विचारलेला एक प्रश्न. धूम्रपान करणाऱ्या १०० व्यक्तींपैकी किती जणांना त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग होईल, असे या व्यक्तींना विचारण्यात आले. सर्वांच्या उत्तरांची सरासरी सुमारे ४३ आली. जे स्वतः धूम्रपान करीत होते त्यांची सुमारे ३७. व्हिस्कुसींनी शास्त्रीय अनुमान म्हणून जे प्रमाण स्वीकारले, ते मात्र शेकडा ५ ते १० एवढेच होते. तेव्हा लोक धोका कमी लेखीत नाहीत, कित्येक पटींनी वाढवून पाहतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लोकांना जितका धोका आहे तितकाच वाटला असता, तर धूम्रपान करणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली असती, येथपर्यंत त्यांचा युक्तिवाद जातो.

या प्रतिपादनाचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. आरोग्यशिक्षणाच्या क्षेत्रात अशी एक समजूत दीर्घकाळ रूढ होती की, माहिती पोहोचली म्हणजे वर्तन आपोआप पालटेल. अमेरिकेत १९६४ साली सर्जन जनरल यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९६६ पासून पाकिटांवर इशारा छापला जाऊ लागला. त्यानंतरही कोट्यवधी लोक धूम्रपान करीतच राहिले. हे सर्व लोक अज्ञानात होते, असे म्हणणे यापुढे शक्य नाही, हे व्हिस्कुसींनी निःसंशय दाखवून दिले. शिवाय, सामान्य माणसाला अजाण समजून त्याच्यावर उपकार करू पाहणाऱ्या वृत्तीला त्यांनी दिलेला धक्का योग्यच होता. परंतु अज्ञान नाही याचा अर्थ ज्ञान आहे असा होत नाही. या दोहोंमध्ये बरेच अंतर असते, आणि व्हिस्कुसींच्या विवेचनातील दोष नेमका त्या अंतरात आहे.

पहिला दोष तुलनेचा. फुप्फुसाचा कर्करोग हा धूम्रपानाच्या अनेक परिणामांपैकी एक आहे. हृद्रोग, श्वसनाचे जीर्ण विकार आणि अन्य अवयवांचे कर्करोग मिळून मोठी हानी करतात. प्रश्नात एकाच रोगाचे नाव घेतले असता उत्तर देणारा इतर सर्व रोगांचे भयही त्याच खात्यात जमा करीत असण्याचा संभव आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या ज्या दीर्घ अभ्यासास १९५१ साली आरंभ झाला, त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. अखेरपर्यंत धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत लोक त्याच कारणाने मरण पावतात, आणि त्यांच्या आयुष्याची सरासरी १० वर्षे कमी होतात, असे त्यांत आढळले. या प्रमाणाशेजारी ३७ हा आकडा ठेवला, की अतिशयोक्तीचा आरोप निस्तेज होतो. कर्करोगापुरतेच पाहावयाचे तरीही, धूम्रपान न सोडणाऱ्या ब्रिटिश पुरुषांना वयाच्या ७५ वर्षांपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण शेकडा १६ च्या आसपास असल्याचे २००० साली दाखविण्यात आले होते. 'धूम्रपान करणारा' या एकाच शब्दाखाली लवकर सोडणारे आणि कधीच न सोडणारे एकत्र केले म्हणजे धोका लहान दिसू लागतो.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. प्रश्न शंभर अनामिक माणसांविषयी होता, उत्तर देणाऱ्याविषयी नव्हता. नील वाइनस्टीन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, भावी आयुष्यातील अनिष्ट घटना आपल्यापेक्षा इतरांवर अधिक येतील आणि इष्ट घटना आपल्या वाट्याला अधिक येतील, असे विद्यार्थी मानीत होते. माणसे मरतात हे सर्वांना ठाऊक असते. आपणही त्यांपैकीच एक आहोत, ही जाणीव मात्र निराळ्या जातीची आहे. शंभरातील ३७ सांगणारी व्यक्ती स्वतःला उरलेल्या ६३ मध्ये गणीत नाही, याची कोणतीही ग्वाही व्हिस्कुसींच्या प्रश्नात नाही. जोखमीचा निर्णय ज्या जाणिवेवर व्हावयाचा ती स्वतःविषयीची; मोजली गेली ती जगाविषयीची.

तिसरा आक्षेप मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९९८ पासूनच्या आपल्या लेखनात विशेष आग्रहाने मांडला. धूम्रपानाचा धोका संचयी स्वरूपाचा आहे. एकेका सिगारेटीने जवळजवळ काहीच होत नाही. हजारो सिगारेटींनी होते. म्हणून तरुण मनुष्य दीर्घकालीन धूम्रपानाची भीती पूर्णपणे मान्य करूनही पुढची सिगारेट निर्धास्तपणे ओढू शकतो, कारण आपण फार काळ ओढणारच नाही अशी त्याची खात्री असते. व्यसन जडले म्हणजे ही खात्री किती पोकळ होती ते कळते. परंतु तोपर्यंत कळून उपयोग करून घेण्याची शक्तीच क्षीण झालेली असते. पुन्हा आरंभापासून जगावयास मिळाले तर धूम्रपान सुरू कराल काय, या प्रश्नाला स्लोव्हिक यांनी वापरलेल्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी शेकडा ८५ हून अधिक व्यक्तींनी नकारार्थी उत्तर दिले.

अर्थशास्त्रज्ञांकडून यावर एक प्रत्युत्तर संभवते, आणि ते दुर्लक्षणीय नाही. गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी यांनी १९८८ साली विवेकी व्यसनाची उपपत्ती मांडली होती; तीनुसार भावी आसक्तीचाही हिशेब मनुष्य आधीच करू शकतो. पश्चात्ताप हा अविवेकाचा पुरावा नव्हे, असे या पक्षाला म्हणता येईल. सोडतीत हरलेला मनुष्य तिकीट घेतल्याबद्दल हळहळतो, म्हणून तिकीट घेणे मूर्खपणाचे ठरत नाही. परंतु हा दृष्टान्त येथे लागू पडत नाही. सोडतीची हळहळ निकालानंतरची असते आणि ती हरणाऱ्याचीच असते. येथे हळहळणाऱ्यांत अद्याप कोणताही रोग न झालेले असंख्य लोक आहेत. त्यांचा निकाल लागलेलाच नाही. ते हळहळतात ते हरल्यामुळे नव्हे, तर खेळ सोडता येत नाही हे उमगल्यामुळे. आरंभीच्या हिशेबात ही अगतिकता जमेस धरली गेली असती, तर इतक्या मोठ्या बहुसंख्येस तिचे नवल व दुःख वाटण्याचे कारण नव्हते.

येथवर स्लोव्हिक यांचा पक्ष सरस ठरतो. परंतु तोही निर्दोष नाही. धोक्याचे मूल्यमापन मनुष्य गणिताने नव्हे, तर वस्तूविषयीच्या प्रथमदर्शनी भाववृत्तीने करतो, असे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे मत आहे. जी वस्तू आवडते तिचा लाभ मोठा व धोका लहान वाटतो, हे १९९४ साली अली अल्हाकामी आणि स्लोव्हिक यांनी दाखविले होते, आणि जाहिरातीचे सामर्थ्य त्यावरून चांगले उलगडते. तथापि, भाववृत्ती हे सर्वच वर्तनाचे स्पष्टीकरण होऊ लागले, म्हणजे ते कोणत्याही एका वर्तनाचे विशेष स्पष्टीकरण राहत नाही. ज्याने धूम्रपान सोडले तोही भाववृत्तीनेच, आणि ज्याने सोडले नाही तोही भाववृत्तीनेच, असे म्हणण्यात नवीन काय कळले? शिवाय, प्रत्यक्ष अनुभवावाचून धोका कळत नाही, असे सरसकट म्हटले तर विवाह, व्यवसाय, देशान्तर यांपैकी कोणताच निर्णय जाणीवपूर्वक होत नाही, असे मानावे लागेल. हे कोणी मानणार नाही. धूम्रपानाचे वैशिष्ट्य अनुभव उशिरा येतो यात नाही. अनुभव येईतो त्यानुसार वागण्याची क्षमताच त्या वर्तनाने हिरावून घेतलेली असते, यात ते आहे. ही कसोटी स्लोव्हिक यांच्या लेखनात सूचित आहे. तिला भाववृत्तीच्या व्यापक सिद्धान्तापासून वेगळे काढून मध्यवर्ती स्थान देणे आवश्यक होते.

दोन्ही पक्षांना समान असलेली आणखी एक मर्यादा महाराष्ट्राच्या संदर्भात ठळकपणे जाणवते. विकत घेतलेली, पाकिटातून काढलेली आणि सर्वांना व्यसन म्हणून परिचित असलेली सिगारेट, हे दोघांचेही गृहीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा ३.८ होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे शेकडा २४.४. म्हणजे येथील प्रश्न प्रामुख्याने मळलेल्या तंबाखूचा, गुटख्याचा आणि मशेरीचा आहे. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीवर आधारलेला अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे तंबाखूच्या या प्रकारांचा मुखरोगांशी असलेला संबंध संशोधनाच्या कक्षेत फार पूर्वीच आला होता.

यांपैकी मशेरीचे उदाहरण सिद्धान्ताच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटून तिची पूड करावी आणि बोटाने दातांना लावावी, ही क्रिया घरात थोरल्या बायकांकडून धाकट्यांकडे आलेली असते. तिला नाव असते ते दात घासण्याचे. सकाळी एकदा लावली जाणारी मशेरी पुढे दिवसातून अनेकदा लावली जाऊ लागते. पण तिचे नाव बदलत नाही. अशा स्त्रीला 'मशेरी लावणाऱ्या शंभरजणींपैकी किती जणींना कर्करोग होईल' असे विचारून आलेल्या आकड्यास धोक्याची जाणीव म्हणता येईल काय? येथे सुख आणि धोका यांचा ताळा मांडून झालेला निर्णय शोधूनही सापडत नाही. जे वर्तन करणाऱ्याच्या मनात स्वच्छतेच्या वर्गात मोडते, त्यास संशोधकाने जोखमीच्या वर्गात घालून प्रश्न विचारला, की उत्तर संशोधकाच्या वर्गवारीचे येते. उत्तर देणारीच्या मनाचे नव्हे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापण्याचा जो नियम भारतात २०१६ साली अमलात आला, तोही घरी भाजलेल्या मशेरीपर्यंत पोहोचू शकत नाही, कारण इशारा छापण्यास तेथे पाकीटच नाही.

यावरून बंदी हाच उपाय आहे, असे मात्र सिद्ध होत नाही. महाराष्ट्र शासनाने २००२ साली गुटख्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रद्द ठरविली. २०१२ साली ती अन्नसुरक्षेच्या नियमांच्या आधारे पुन्हा घालण्यात आली. विक्रीची वस्तू कायद्याच्या टप्प्यात येते. तिला मिळालेले नाव आणि घरातील तिचे स्थान येत नाही. गुप्ता, मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळ, आंध्र आणि गुजरात येथील ३६,००० तंबाखूसेवकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. मुखतपासणीच्या जोडीने प्रत्यक्ष भेटीतून सातत्याने समजावून सांगितल्यास तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यांत दिसून आले. येथे माहिती उपयोगी पडली हे खरे. पण ती आकड्याच्या रूपाने नव्हे, तर स्वतःच्या तोंडातील चट्ट्याच्या रूपाने आणि परिचित माणसाच्या तोंडून आली. शंभरातील अनामिक माणूस आणि आपण यांतील अंतर अशा वेळी आपोआप नाहीसे होते.

व्हिस्कुसींचे मूळ निरीक्षण यापुढेही टिकेल : केवळ अज्ञानाने धूम्रपानाचा उलगडा होत नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र टिकत नाही. आकडा सांगता येणे, तो स्वतःस लागू करणे आणि त्यानुसार वागण्याची शक्ती शाबूत असणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजून तिन्ही सिद्ध झाल्या असे त्यांनी मानले. अमेरिकेतील संघीय न्यायालयाने २००६ साली, सिगारेट-कंपन्यांनी धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयी आणि त्याच्या व्यसनकारकतेविषयी दशकानुदशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय दिला. ज्या ग्राहकास सर्व ठाऊक होते असे प्रतिपादिले जाते, त्याच्यापासून काही लपविण्यासाठी एवढा खटाटोप व्हावा, ही विसंगती पुरेशी बोलकी आहे. आरोग्यविषयक वर्तनाच्या मराठी अभ्यासकाने या वादातून घ्यावयाचा बोध असा की, लोकांना धोका किती वाटतो हे विचारण्यापूर्वी ते आपल्या कृतीस कोणत्या नावाने ओळखतात, हे विचारावे. त्या नावाचा शोध घेतल्याशिवाय मिळालेला आकडा कितीही अचूक असला, तरी तो कोणाच्या मनाचे माप आहे हे सांगता येणार नाही.