चोवीस बिटांचा भुलावा

विज्ञान प्रदर्शनांसाठी लिहिलेल्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांच्या पुस्तिकांत एका अर्थाचे विधान आम्हाला वारंवार आढळते. उपकरणात 24 बिटांचा अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक आहे, म्हणून ते 0.3 मायक्रोव्होल्टपर्यंत अचूक आहे, असे ते विधान. यातला भागाकार बरोबर आहे. 5 व्होल्टचे 1,67,77,216 भाग केले की एक भाग तेवढाच येतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

परिवर्तक खरे पाहता व्होल्टेज मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. आलेला दाब संदर्भ व्होल्टेजचा कितवा हिस्सा आहे, एवढेच तो सांगतो. तराजूत वजनाचे माप, तसा येथे संदर्भ. मापच खोटे असेल तर काटा कितीही नाजूक असून काय उपयोग? पुस्तिकांत परिवर्तकाचे गुणवर्णन पानभर असते. संदर्भाला एक ओळही मिळत नाही. बहुधा पुरवठ्याचे 5 व्होल्टच गृहीत धरलेले असतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. अर्डुइनो ऊनोवर (10 बिट) 1.5 व्होल्टचा घट जोडला, तर 5 व्होल्ट संदर्भावर आकडा 307 येतो. पुरवठा 4.75 व्होल्ट झाला की तोच घट 323 दाखवतो आणि प्रोग्रॅम त्याचे 1.58 व्होल्ट करतो. घट तोच, बदलले ते माप.

संदर्भ लहान घ्या, असाही सल्ला दिला जातो. एलएम 35 या तापमान संवेदकासाठी तो योग्य आहे: 5 व्होल्टऐवजी 1.1 व्होल्टचा अंतर्गत संदर्भ घेतल्यास एक पायरी 0.49 अंशावरून 0.11 अंशावर येते. पण हा संदर्भ प्रत्यक्षात 1.0 ते 1.2 व्होल्टच्या दरम्यान कोठेही असू शकतो, म्हणून तो मोजूनच वापरावा लागतो. शिवाय 24 बिटांना हा सल्ला लागू पडत नाही. तेथे एक पायरी परिवर्तकाच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षा लहान असते. संदर्भ निम्मा केला की मोजता येणारा पल्ला निम्मा होतो, गोंगाट नव्हे.

आणि स्थिरता? अंशामागे दशलक्षात 3 भाग सरकणारा संदर्भ उत्तम समजला जातो. तरीही खोलीचे तापमान 10 अंशांनी बदलले की पूर्ण पल्ल्याजवळचा आकडा सुमारे 500 पायऱ्या सरकतो.

मग 24 बिट निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. एचएक्स 711 वापरलेल्या वजनकाट्यात लोड सेलला पुरवठा आणि परिवर्तकाला संदर्भ एकाच ठिकाणाहून मिळतो. तो दाब थोडा हलला तरी दोन्ही बाजू सारख्याच हलतात आणि गुणोत्तर कायम राहते. या सुंदर युक्तीबद्दल पुस्तिका गप्प आहेत, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

प्रकल्प तपासताना परीक्षकांनी 'किती बिट?' याआधी 'संदर्भ कोणता, आणि तोच का?' असे विचारावे. विद्यार्थ्याला मोजमाप कळले आहे की नाही, ते त्या उत्तरातून दिसेल.